हाकेला ओ

बंदरात येणाऱ्या जहाजांचं काम बघणाऱ्या आमच्या ऑफिसात खिडकीच्या कडेला व्हीएचएफ सेट आहे, जहाजांचं बोलणं ऐकायचा रेडिओ. सकाळी आलं की पहिला तो चालू करायचा, मग दिवसभर तो आपला बोलत असतो आणि आम्ही आपापली कामं करत असतो. परवा संध्याकाळी बाहेर अँकरेजला थांबलेलं एक जहाज आत घ्यायचं होतं. पायलट, म्हणजे जहाजाला बंदरात वाट दाखवून आणणारा माणूस, लाँचवरून सांगत होता, पायलट लॅडर पोर्ट साइड, वन मीटर अबव्ह वॉटर. तिकडून कॅप्टन म्हणाला, पायलट लॅडर पोर्ट साइड, वन मीटर अबव्ह वॉटर. मग पायलटने हेडिंग, म्हणजे जहाजाचं तोंड किती अंशांवर ठेवायचं ते, सांगितलं, कॅप्टनने तेच आकडे एकेक करून परत म्हटले. स्पीड सांगितला, तोही परत. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा बिल ऑफ लेडिंगच्या कॉप्या लावत बसला होता, तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, ह्या लोकांना एकदा सांगितलेलं कळत नाही काय? सगळं दोन दोनदा!" त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, पोराला खरंच नवल वाटलं होतं. मी काही सांगणार तेवढ्यात फोन वाजला, मग कस्टम्सची फाइल आली, मग सात वाजले. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खारीवाड्याला बांगडे घेतानासुद्धा मी मनातल्या मनात त्याला उत्तर देत होते.

पायलट लॅडर म्हणजे दोरखंडाची, लाकडी पायऱ्यांची शिडी. जहाजाच्या उंच भिंतीवरून ती खाली सोडतात, लाँच बाजूला लागते आणि लाट लाँचला वर उचलते त्या एका क्षणाला पायलट शिडी धरतो. लाट खाली गेली की पायाखालची लाँचही खाली जाते, माणूस शिडीवर लटकलेला राहतो आणि तिथून वर चढत जातो. जूनच्या आधीचा तो फुगलेला समुद्र ज्यांनी मुरगावच्या ब्रेकवॉटरबाहेर पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. शिडी वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूलाच पाहिजे. पोर्ट म्हणजे डावी, स्टारबोर्ड म्हणजे उजवी, आणि कॅप्टनने चुकीची बाजू ऐकली तर शिडी वाऱ्याच्या तोंडाला, जिथे लाटा आपटतायत तिथे लागणार. आता आपला मराठी माणूस त्या कॅप्टनच्या जागी असता तर 'हो हो, कळलं' म्हणाला असता. पण 'हो कळलं' ह्यातून काय कळलं ते समोरच्याला कुठे कळतं? म्हणून समुद्रावर 'हो' म्हणत नाहीत, जे ऐकलं ते म्हणतात. मग सांगणाऱ्याच्या कानावर त्याचंच वाक्य परत येतं आणि चूक असेल तर तिथल्या तिथे पकडता येते.

हे मला कोणी शिकवलं नाही, मी ते घरी बघत मोठी झाले.

आमचे बाबा बार्जवर होते, म्हणजे खाणीतलं लोहखनिज नदीतून खाली बंदरात आणणाऱ्या सपाट बोटीवर. मूळचे आम्ही वेंगुर्ल्याकडचे, पण माझं सगळं लहानपण गोव्यात, वास्कोत गेलं, बायण्याला. बाबा आधी खलाशी, मग तांडेल, मग परीक्षा देऊन मास्टर झाले. बार्जवर तेव्हा निम्मी माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली असायची, घरात मालवणी, बाजारात कोंकणी, ऑफिसच्या कागदावर इंग्रजी आणि बार्जवर ह्या सगळ्याचा काला. बाबा घरी आले की आधी त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत जायचे, कारण खनिजाची ती लाल धूळ एकदा पांढऱ्या कपड्याला लागली की कायमची. कानाच्या पाळीमागे, नखांच्या कडेला, पाकिटातल्या नोटांवरसुद्धा लाल. आमोणे, सारमानस, सावर्डे, कापशे ही नावं मला भूगोलाच्या पुस्तकात भेटायच्या आधी जेवणाच्या ताटावर भेटली, म्हणजे बाबा जेवताना आईला सांगायचे की आज कुठे लोडिंग होतं, भरती किती वाजता मिळाली, कुठे चिखलात टेकली. वरून खनिज भरायचं, मांडवी नाहीतर झुवारीतून खाली यायचं आणि मुरगावला बंदरात नाहीतर बाहेर उभ्या जहाजाच्या कुशीला लागून रिकामं व्हायचं, की परत वर. वर्षानुवर्षं हेच.

पावसाळ्यात मात्र मांडवीचं तोंड बंद. आग्वादच्या वाळूच्या पट्ट्यावर, ज्याला सगळे बार म्हणतात, तिथे लाटा अशा फुटतात की भरलेली बार्ज नेणं म्हणजे जिवाशी खेळ. मग मांडवीतल्या बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून आत वळायच्या, बाणस्तारीच्या पुलाखालून झुवारीत उतरायच्या आणि तिथून मुरगावला. अरुंद पाणी, दोन्ही बाजूला खारफुटी, चिखलाच्या काठावर मगरी पसरलेल्या, आणि वळणं अशी की समोर काय येतंय ते दिसणारच नाही. शाळेत असताना एकदा बाबा मला बरोबर घेऊन गेले होते. पाऊस असा की पत्र्यावर कोणीतरी सुपाने गहू ओततंय. वळण जवळ आलं तसा बाबांनी भोंगा दिला. लांब, सलग, चार-पाच सेकंदांचा. आणि मग त्यांनी इंजिन हळू करायला सांगितलं आणि मान जराशी तिरकी करून ऐकत राहिले. खलाशी ऐकत होते. भंडारीसुद्धा हातातली कढई ठेवून दारात येऊन उभा राहिला होता. मला काहीच समजत नव्हतं, फक्त एवढं जाणवत होतं की ही सगळी मोठी माणसं आता बोलणार नाहीयेत. आणि मग झाडांच्या पलीकडून, पावसातून दबून आलेला, तसाच एक लांब भोंगा. बाबांनी मान सरळ केली. "आसा कोणतरी," एवढंच म्हणाले. आम्ही उजवा काठ धरला, जरा वेळाने वळणातून रिकामी बार्ज उंच उंच दिसायला लागली, एकेक छोटा भोंगा झाला, दोघी डावी बाजू डाव्या बाजूला ठेवून इतक्या जवळून गेल्या की त्या बार्जवरचा माणूस दात घासत होता तेसुद्धा मला दिसलं. (पाऊस, दुपारचे तीन, आणि तो दात घासतोय. बार्जवरच्या पाळ्यांचं गणित मला तिथे पहिल्यांदा कळलं.)

पुढे ह्या लाइनमध्ये आल्यावर समजलं की तो बाबांचा स्वतःचा शहाणपणा नव्हता, जगभरच्या जहाजांचा तो नियमच आहे. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्वच्छ लिहिलंय की आडवळणाजवळ येणाऱ्या जहाजाने एक लांब भोंगा द्यायचा आणि पलीकडून येणाऱ्याने तो ऐकला तर लांब भोंग्यानेच उत्तर द्यायचं. छोटा म्हणजे साधारण एक सेकंद, लांब म्हणजे चार ते सहा. एक छोटा, मी उजवीकडे वळतोय. दोन छोटे, डावीकडे. तीन, माझं इंजिन मागे चाललंय. आणि पाच की त्याहून जास्त भरभर, तुझं काय चाललंय ते मला कळत नाहीये. हा शेवटचा मला फार आवडतो. न कळल्याचं सांगायला पण एक ठरलेला आवाज आहे आणि तो द्यायला कोणालाच लाज वाटत नाही. आपल्याकडे मीटिंगमध्ये दहा माणसं बसलेली असतात, कोणालाच नीट कळलेलं नसतं, आणि सगळे माना हलवत उठतात.

जहाजावर जिकडे बघाल तिकडे ही ओ देण्याची सोय केलेली दिसते. सुकाणूवरच्या माणसाला ऑफिसर म्हणतो, पोर्ट टेन. तो म्हणतो, पोर्ट टेन. चाक फिरवतो, सुकाणू दहा अंशावर पोचलं की परत म्हणतो, व्हील इज पोर्ट टेन. म्हणजे ऐकलं हे वेगळं आणि केलं हे वेगळं. जुन्या इंजिन टेलिग्राफमध्ये ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीतून, हॅंडल ओढलं की खाली इंजिनरूममध्ये काटा हलायचा आणि खालचा माणूस आपलं हॅंडल त्याच जागी नेऊन उत्तर द्यायचा, तेव्हाच वरची घंटा थांबायची. नांगर सोडताना साखळी किती गेली ते पुढे उभा असलेला बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, घंटा वाजवून ब्रिजला कळवतो, जेवढे टोले तेवढे शॅकल, आणि एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर साखळी. झेंड्यांच्या भाषेतसुद्धा उत्तराचा वेगळा लाल-पांढरा झेंडा आहे, समोरचे झेंडे दिसले की तो अर्ध्यावर चढवायचा आणि अर्थ लागला की पूर्ण वर. दिसलं पण अजून कळलं नाही, ह्यासाठी एवढी स्वतंत्र जागा ठेवणारी भाषा मी दुसरी बघितली नाही.

आणि ही सोय कोणाच्या डोक्यातून एका रात्रीत आलेली नाही, भरपूर गोंधळ घालून झाल्यावर आलीये. डाव्या बाजूला इंग्रज खलाशी पूर्वी लार्बोर्ड म्हणायचे. लार्बोर्ड आणि स्टारबोर्ड, वाऱ्यात ओरडून बघा, शेपटी तेवढी ऐकू येते. शेवटी १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलाने हुकूम काढून लार्बोर्ड बंद केलं आणि पोर्ट आणलं. त्याहून मोठा घोळ सुकाणूच्या हुकमांचा होता. जुनी सवय अशी की हुकूम सुकाणूच्या दांड्याला द्यायचा, आणि दांडा उजवीकडे नेला की जहाज डावीकडे वळतं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवर हिमनग दिसल्यावर 'हार्ड अ स्टारबोर्ड' असा हुकूम गेला तो जहाज डावीकडे वळावं म्हणूनच, तेव्हाच्या रीतीने बरोबरच होता तो. चाकं आली, वाफ आली, लोखंड आलं, तरी हुकूम दांड्याचेच राहिले, १९३० च्या दशकात कुठे ते सरळ झाले. मला हे वाचल्यावर वाटलं होतं की किती वर्षं माणसं उलटं ऐकून सुलटं करत राहिली असतील, आणि दमलेल्या, झोप न झालेल्या एखाद्याने कधीतरी सुलटं ऐकून सुलटंच केलं असेल तेव्हा काय झालं असेल.

आता तर एका जहाजावर चार-पाच देशांची माणसं असतात. कॅप्टन ग्रीक, चीफ ऑफिसर युक्रेनचा, सेकंड ऑफिसर आपल्या मडगावचा, बोसन फिलिपिनो, आणि किनाऱ्यावरून बोलणारा पायलट वेगळाच. इंग्रजी सगळ्यांचं उसनं. म्हणून लंडनच्या त्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये बोलण्याची ठरावीक वाक्यंच मंजूर केली. त्यात मे, माइट, शुड, कुड असले शब्द शक्यतो टाळा म्हणून सांगितलंय, कारण 'मे आय एंटर' म्हणजे विचारतोय की सांगतोय ते तिसऱ्या देशातल्या माणसाला कळत नाही. आकडे एकेक करून म्हणायचे, एकशे पन्नास नाही, वन फाइव्ह झिरो. बोलायच्या आधी हा प्रश्न आहे, ही सूचना आहे, हा इशारा आहे असं सांगून मग बोलायचं. माझ्या धाकट्या भावाला कोर्सला हे सगळं पाठ करायला होतं, तो बायण्याच्या गॅलरीत फेऱ्या मारत मोठ्याने म्हणायचा आणि खालून जाणारे येणारे वर बघायचे. रुक्ष वाटतं ऐकायला, ना लय ना गोडवा. पण मला त्यात माया दिसते. आपण ज्याला ओळखत नाही, ज्याची भाषा आपल्याला येत नाही, त्याचा जीव आपल्या एका वाक्यावर आहे, तर ते वाक्य आपण त्याला झेपेल एवढंच करून द्यावं, ह्याला दुसरं काय म्हणायचं?

ड्राफ्ट सर्व्हेला मी एकदा हट्टाने गेले होते. जहाजाचा ड्राफ्ट म्हणजे तळ पाण्यात किती खोल आहे ते, त्यावरून आत माल किती ते काढतात, आणि त्याचे आकडे पुढे, मधे आणि मागे दोन्ही बाजूंना रंगवलेले असतात. आकडा दहा सेंटिमीटर उंच. पाणी आकड्याच्या पायाला टेकलं तर तोच आकडा, डोक्याला टेकलं तर दहा सेंटिमीटर जास्त. छोट्या होडीतून जहाजाच्या अगदी अंगाला लागून फिरायचं, वर बघितलं तर नुसती लोखंडाची भिंत, गंजाचे ओघळ, आणि समोर पाणी त्या पांढऱ्या आठावर चढतंय, उतरतंय, चढतंय. सर्व्हेअर आणि चीफ ऑफिसर दोघेही बघत होते. कोणीच लगेच बोललं नाही. किती तरी लाटा जाऊ दिल्या, मग सर्व्हेअरने आकडा म्हटला, चीफ ऑफिसरने आपला म्हटला, एका सेंटिमीटरचा फरक आला आणि दोघे परत बघत बसले. मला तेव्हा उन्हाने घेरी आली होती आणि वाटत होतं एका सेंटिमीटरने काय होतंय. पण पॅनामॅक्सच्या, म्हणजे पनामा कालव्यात मावेल एवढ्या मोठ्या, अंगाच्या जहाजाला एक सेंटिमीटर म्हणजे साठ-सत्तर टन माल. नंतर बाटली सोडून पाणी वर काढलं, त्यात हायड्रोमीटर टाकला. समुद्राच्या पाण्याची घनता एक पूर्णांक शून्य दोन पाच, नदीच्या पाण्याची एक. पावसात झुवारी भरून आली की बंदरातलं पाणी पातळ होतं आणि तेच जहाज, तोच माल, पण जरा खोल बसतं, बाहेर खाऱ्या पाण्यात गेलं की वर येतं. म्हणून जहाजाच्या मध्यावर ती वर्तुळाची खूण आणि शेजारी शिडीसारख्या रेषा असतात, गोड्या पाण्याची वेगळी, उष्ण समुद्राची वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या ब्रिटिश खासदाराने मालकांशी भांडून भांडून ती खूण १८७६ मध्ये कायद्यात आणली, कारण जुनी जहाजं गळ्यापर्यंत भरून पाठवायची आणि बुडाली तर विमा घ्यायचा, असं चालायचं. किनाऱ्यावर उभ्या कोणत्याही माणसाला बघता येईल की जहाज जास्त भरलंय. एवढ्या एका रेषेने किती खलाशी घरी परत आले असतील.

आणि जिथे कोणी परत विचारलं नाही तिथे काय होतं तेही ह्याच धंद्यात बघितलं. गोव्याचं खनिज बरंचसं भुकटी, फाइन्स. पावसात उघड्यावर पडलेली ती भुकटी दिसायला कोरडीच दिसते, मुठीत घेतली तर ढेकूळ होतं, बस्स. पण जहाजात भरल्यावर इंजिनाची थरथर आणि लाटांचे हेलकावे ह्यांनी आतलं पाणी बाहेर यायला लागतं आणि डोंगर केलेला माल एका बाजूला चिखलासारखा वाहतो. जहाज कलतं ते परत सरळ होत नाही. जुलै २००९ मध्ये मंगळूरजवळ एशियन फॉरेस्ट आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ब्लॅक रोझ ही जहाजं बुडाली, दोन्हींत लोहखनिजाची भुकटीच होती. त्या पावसाळ्यात आमच्या ऑफिसात सगळ्यांचे आवाज खाली गेले होते. माल किती ओला चालेल त्याची एक हद्द असते, टीएमएल म्हणतात, आणि प्रत्यक्ष ओलावा त्या हद्दीच्या आत असल्याचा कागद माल देणारा जहाजाला देतो. कागद आला, सही झाली, शिक्का बसला, की सगळे 'हो कळलं' म्हणून पुढच्या कामाला. त्या साली एका जहाजाच्या चीफ ऑफिसरने मात्र कागद टेबलावर ठेवला आणि डबा मागवला. अर्धा-एक लिटरचा साधा पत्र्याचा डबा, त्यात अर्ध्यापर्यंत बार्जमधून काढलेला माल. डबा एका हातात धरून वीतभर उंचीवरून टेबलावर आपटायचा, पंचवीस वेळा, सेकंदा-दोन सेकंदाने एकदा. ठप्. ठप्. मी फाइल घेऊन शेजारी उभी होते. पहिल्या दहा-बारा वेळा काही नाही, लाल माती ती लाल माती. मग मधोमध एक ओलसर डाग पडला, मग कडेने चकाकी आली, आणि पंचवीस होईपर्यंत वर पाण्याचा पातळ पापुद्रा थरथरत होता, त्यात ट्यूबलाइट दिसत होती. त्याने कोणाशी वाद घातला नाही, डबा फक्त सगळ्यांना दिसेल असा पुढे सरकवला. लोडिंग थांबलं. बाहेर माझ्या साहेबांचे फोन वाजायला लागले, डेमरेज, म्हणजे जहाज अडकून राहिल्याचा दंड, कोणाच्या डोक्यावर बसणार म्हणून आरडाओरडा, चार दिवस नुसता ताप. आता ह्या डब्याच्या परीक्षेवर माल पास करता येत नाही, ती नापास झाली तर मात्र थांबायचंच, प्रयोगशाळेतून परत तपासून आणायचं. १ जानेवारी २०११ पासून अशा सुट्ट्या भरायच्या मालाची आंतरराष्ट्रीय नियमावली सक्तीची झाली. मला आजही त्या माणसाचा डबा धरलेला हात दिसतो. त्याने कागदाला उत्तर मागितलं होतं आणि मातीने ते दिलं.

२०१२ ला खाणी थांबल्या. मधे जरा सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये परत थांबल्या. त्यावर दोन बाजूंनी इतकं बोलून झालंय की मी भर घालत नाही. सावर्ड्याच्या रस्त्यावरून ट्रकच्या रांगेत श्वास घेऊन बघितलाय मी, शेतात उतरलेला लाल गाळ बघितलाय, आणि ज्या महिन्यात बाबांचा पगार बंद झाला तो महिनाही बघितलाय. दोन्ही खरं आहे, आणि माझ्याच्याने त्यातलं एक काही खोडवत नाही. नदीकाठाला बांधून ठेवलेल्या बार्जींवर पिंपळ उगवले. बाबा त्या सुमाराला घरी बसले ते बसलेच.

इंजिनाच्या शेजारी काढलेल्या आयुष्याने त्यांचे कान नेले होते, ते घरी बसल्यावर आमच्या लक्षात आलं. बार्जवर असताना कोणाला कळलंच नाही, कारण तिथे प्रत्येक गोष्ट परत म्हणायचीच पद्धत होती. घरातही त्यांनी ती कधी सोडली नव्हती. लहानपणी बाजारात पाठवताना यादी सांगून झाली की विचारायचे, "मी काय सांगलंय?" आणि आम्ही कांदे अर्धा किलो, खोबरेल, आगपेटी असं म्हणून दाखवल्याशिवाय पैसे हातात पडायचे नाहीत. आता उलट झालं. आई म्हणते सात वाजता दूध आणा, बाबा म्हणतात सात वाजता दूध. वहिनी म्हणते बाबा, गॅसवाला येणार आहे, पैसे टीव्हीवर ठेवलेत. बाबा म्हणतात, गॅसवाला, पैसे टीव्हीवर. पाहुण्यांना गंमत वाटते, घरातल्यांना कधी कधी वैताग येतो, "अहो ऐकलंत ना, मग झालं!" असं आई दिवसातून एकदा तरी म्हणतेच. बाबा त्यावर काही बोलत नाहीत. मला मात्र प्रत्येक वेळी वाटतं, ते बहिरेपणाने नाही परत म्हणत, ते आपल्याला तपासायची संधी देतायत.

मागच्या महिन्यात प्रेशरच्या गोळ्या बदलल्या तेव्हा मी बरोबर गेले होते. डॉक्टर तरुण, बाहेर ही गर्दी. त्यांनी भरभर सांगितलं, ही पांढरी सकाळी अर्धी, ही गुलाबी रात्री जेवल्यावर एक, आणि जुनी बंद. बाबा पुढे वाकून ऐकत होते. मग म्हणाले, "पांढरी सकाळी अर्धी. गुलाबी रात्री जेवल्यावर एक. जुनी बंद." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. चिठ्ठी परत आपल्याकडे ओढली, वाचली, आणि पांढरीपुढे जो एक लिहिला होता तो खोडून अर्धा केला. काही मोठं घडलं नाही, कोणी काही बोललं नाही. "बरोबर," डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर बाबा मला म्हणाले, "ह्यो डॉक्टर ऐकता हां, चांगलो आसा." रिक्षात बसल्यावर परत एकदा म्हणाले.

नव्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी फार काही सांगितलं नाही. पुढचं जहाज येईल तेव्हा बोर्डिंगला त्याला बरोबर न्यायचं ठरवलंय, गँगवेवर उभं राहून लोडिंगचा आवाज चालू असताना त्याने जेटीवरच्या माणसाला एक साधा आकडा कळवून बघावा. त्याला माझ्यापेक्षा लवकर कळेल असं वाटतंय, पोरगा चौकस आहे.

भाऊ सध्या एका बल्क कॅरिअरवर सेकंड ऑफिसर आहे. त्याचा रविवारी व्हिडिओ कॉल आला, नेटवर्क तुटत होतं, तोंड हलायचं आणि आवाज मागून यायचा. साइन ऑफ, म्हणजे जहाजावरून उतरणं, सिंगापूरला, बावीस तारखेला, रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, आला तर. बाबांनी फोन कानाला लावला आणि म्हणाले, "सिंगापूर. दोन दोन. रिलीव्हर इलो तर." तिकडून भाऊ म्हणाला, "करेक्ट, बाबा." मग आईने फोन ओढून घेतला आणि येताना ते टायगर बाम आणायला सांगितलं, लाल नको, पांढरं, आणि मोठी बाटली, गेल्या वेळी लहान आणली होतीस. भाऊ म्हणाला हो हो आणतो. आई म्हणाली, "काय आणतोस, सांग बघू."